एकवाक्यतेचा सापळा : ‘मुद्राराक्षसा’तील हेर आणि पुरावा

कौटिलीय अर्थशास्त्रात हेर ही व्यक्ती नसून कार्य आहे. कापटिक, उदास्थित, तापस ही वेषांची नावे होत. हेरांनी परस्परांना ओळखू नये आणि तिघांचे वृत्त जुळल्यावरच ते ग्राह्य मानावे, असा तेथील दंडक आहे.

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ बहुधा चाणक्याच्या बुद्धिवैभवाची गाथा म्हणून वाचले जाते. वस्तुतः पाचव्या अंकात हे नाटक त्या दंडकाचीच परीक्षा घेते. मलयकेतूपुढे क्षपणकाचे बोलणे, राक्षसाच्या मुद्रेचे पत्र, सिद्धार्थकाचा जबाब आणि आभूषणे येतात. मुद्रा, शकटदासाचे हस्ताक्षर आणि आभूषणे खरी आहेत. खोटा आहे तो त्यांना जोडणारा अर्थ. मलयकेतू हस्ताक्षर ताडूनही पाहतो. परंतु ही पडताळणी घडवणारा भागुरायण चाणक्याचाच माणूस आहे. सारे जुळते, कारण साऱ्याचा कर्ता एकच आहे. या वाचनाची किंमत पाच मित्रराजे प्राणांनी मोजतात.

म्हणून मलयकेतूला केवळ मूर्ख ठरवणे अपुरे आहे. तो पुराव्यावाचून विश्वास ठेवत नाही. एकवाक्यतेलाच तो स्वतंत्र साक्ष मानतो. हेरांनी परस्परांना अनोळखी असणे ही शास्त्रातील प्रशासकीय सावधगिरी नाटकात ज्ञानाची पूर्वअट ठरते. संहितेतील सर्व धागे जुळले की कर्त्याचा हेतू हाती आला, असे गृहीत धरणाऱ्या समीक्षेलाही हा अंक अस्वस्थ करणारा आहे. ते धागे कोणी जुळवले, हा प्रश्न तिने आधी विचारावयास हवा.