गर्दी दिसली, वारकरी राहिला

आषाढाची चाहूल लागली की मराठी वृत्तपत्रांची पहिली पानं ठरल्यासारखी भगवी होतात. दिवे घाटाची वळणं भरून चाललेली गर्दी, रिंगणात चौखूर उधळलेला अश्व, डोक्यावर तुळस घेतलेली सुरकुतल्या चेहऱ्याची आजी, पोलिसाबरोबर फुगडी घालणाऱ्या बाया. गेल्या वर्षीचं छायाचित्र यंदा पुन्हा छापलं तरी वाचकाला पत्ता लागणार नाही. कॅमेरे सुधारले, ड्रोन आले, मोबाइल तर ज्याच्या त्याच्या हातात आहे. तरी वारीची छायाचित्रं आहेत तिथंच आहेत. याचा दोष तंत्रावर टाकता येत नाही. भक्ती कुठं दिसते, याबद्दलची आपली समजूतच तोकडी आहे.

ही समजूत कॅलेंडर आणि सिनेमा यांनी घडवली. ‘प्रभात’च्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मधला विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मराठी मनात इतका ठसला की अर्धोन्मीलित डोळे, किंचित वर केलेली मान आणि हातात वीणा म्हणजे भक्ती, हे समीकरण पक्कं झालं. गंमत अशी की त्याच चित्रपटात गौरी यांची जिजाई आहे. ती विठोबाला शिव्या घालते, संसार ओढते आणि डोंगरावर जाऊन बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन चढून जाते. तुकोबांची भक्ती चेहऱ्यावर दिसते, जिजाईचं प्रेम तिच्या हातापायांत दिसतं. आपल्या छायाचित्रकारांनी पागनीस उचलले आणि जिजाई सोडून दिली.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते ती दिवे घाटातून. पुण्याहून सकाळी निघावं, घाटात जागा धरावी आणि संध्याकाळपर्यंत फोटो कार्यालयात पोचवावेत, हे सोयीचं. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंडमार्गे जाते. तिच्या वाटेवरही रोटी घाट आहे, पण दिवे घाटाइतका तो कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आपण पाहतो ती दोन-चार ठिकाणांपुरती: घाट, एखादं रिंगण आणि शेवटी चंद्रभागा. मधले दिवस कोणाच्याच कॅमेऱ्यात नसतात, आणि वारी मुख्यतः त्या मधल्या दिवसांतच घडते.

या विषयावरच्या दोन पुस्तकांनी दोन टोकं दाखवली. उद्धव ठाकरे यांचं ‘पाहावा विठ्ठल’ वारीकडे आकाशातून पाहतं. रस्त्याच्या रेषेवरून सरकणारा जनसमुदाय, रिंगणाची वर्तुळं, भोवतीची ओली शेतं हे सगळं एका नजरेत मावतं, आणि भूगोल म्हणून वारी कळते ती या उंचीवरून. संदेश भंडारे यांचं ‘वारी: एक आनंदयात्रा’ जमिनीवर उभं राहून माणसांकडे बघतं. पुढं ड्रोन स्वस्त झाले आणि पहिल्या पुस्तकाची नक्कल सोपी झाली. दुसऱ्याची नक्कल करायला पाय दुखवावे लागतात, म्हणून तिच्या वाट्याला फारसं कोणी गेलं नाही. उंचावरच्या दृश्याची एक अडचण अशी की तिथून सगळे सारखे दिसतात. इरावती कर्वे यांनी सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं, की एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्यांमध्येही जातीची अंतरं होती, पंगती वेगळ्या होत्या. हे पाहायला दिंडीत चालावं लागतं, जेवायच्या वेळी थांबावं लागतं. हजार फुटांवरून समता आपोआपच दिसते.

जमिनीवरही कॅमेरा फसवतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि उन्हानं रापलेला चेहरा असा वारकरी समोर आला की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर गोंधळतो. एवढं पांढरं पाहून तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. उपाय साधा आहे: मोजमाप चेहऱ्यावरून घ्यायचं आणि धोतराचा थोडा तपशील गेला तर जाऊ द्यायचा. पण भगवी पताका आणि पांढरा समुदाय झगझगीत दिसावा म्हणून बरेच जण उलटं करतात. रंग राहतात, माणूस अंधारात जातो. बटण दाबण्याआधी कोणाला वाचवायचं हे ठरवावं लागतं, आणि छायाचित्रकाराची भूमिका तिथंच कळते.

रिंगणाचंही तेच. अश्व दौडतो ते क्षण टिपायला शेकडो कॅमेरे कडेला गुडघे टेकून बसतात. दौड संपली की बहुतेक जण लेन्स आवरतात. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. माणसं धावत आत येतात, वाकतात, टापांखालची माती चिमटीत घेतात, कपाळाला लावतात. कोणी ती पदराच्या गाठीत बांधते, कोणी शेजारच्या पोराच्या कपाळावर टेकवतं. इथं श्रद्धेला निश्चित आकार आहे: वाकलेली पाठ, चिमटी, गाठ. पोज नाही, कारण कोणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही.

तळावरची समाजआरती तर जवळजवळ अस्पर्श राहिली आहे. दिवसभराचा टाळमृदंगाचा कल्लोळ चोपदारांनी दंड उंचावताच थांबतो. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात, कारण तिची काही तक्रार असते. ती ऐकून घेतली की मगच आरती. भक्तीला शिस्त असते, तिच्यात भांडण आणि तडजोड असते, हे सांगणारं याहून नेमकं दृश्य वारीत सापडणार नाही. ते संधिप्रकाशात घडतं, त्यात उडी नाही, रंग नाही. म्हणून छापलं जात नाही.

2020 मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही आणि पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. गर्दी नसलेल्या त्या वर्षी छायाचित्रकारांकडे दाखवायला उरली फक्त बस, पादुका आणि मोकळा रस्ता. वारीची छायाचित्रं गर्दीवर किती विसंबून होती, हे तेव्हा उघडं पडलं. त्यातून काही शिकता आलं असतं, पण वारी पुन्हा सुरू झाली आणि सगळे पुन्हा घाटातल्या आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

निसर्गाच्या बाबतीतही हीच हयगय. काटेवाडीत मेंढ्या तुकोबांच्या पालखीभोवती रिंगण धरतात; धनगराचं धन आणि त्याची श्रद्धा तिथं एकाच वर्तुळात फिरतात. याची छायाचित्रं येतात, पण ‘आगळंवेगळं रिंगण’ म्हणून, कुतूहलापुरती. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. ज्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या दिंड्या विसावल्या, तिची पद्धतशीर नोंद करायला हवी होती. ते काम प्रार्थनेइतकंच मोलाचं होतं.

एक गोष्ट मात्र थांबायलाच हवी. नीरा, इंद्रायणी, चंद्रभागेच्या काठावर अंघोळ करणाऱ्या बायकांवर लांब पल्ल्याच्या लेन्स रोखल्या जातात आणि ती छायाचित्रं ‘श्रद्धेचं स्नान’ म्हणून छापली जातात. आडोसा नाही म्हणून उघड्यावर अंघोळ करावी लागते, ही गैरसोय आहे. तिला भक्तिभावाचं नाव देणं अप्रामाणिक आहे. आपल्या घरातल्या बाईचं असं छायाचित्र आपण छापू का, एवढं विचारलं तरी पुरे.

आशा वाटते ती वारकऱ्यांच्याच मोबाइलमुळे. दिंडीतली बाई राहुटीतल्या स्वयंपाकाचा, फोड आलेल्या पायांचा, ट्रकच्या टपावर वाळणाऱ्या लुगड्यांचा फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकते. चौकट वाकडी असते, पण कोण, कुठं, कोणाबरोबर हे तिला ठाऊक असतं. व्यावसायिक छायाचित्राखाली मात्र ‘विठुनामात दंग वारकरी’ एवढंच असतं. गाव नाही, दिंडीचा क्रमांक नाही, नाव नाही. संपादकांनी यंदापासून एवढं करावं: मुक्कामाचं ठिकाण, दिंडी आणि माणसाची संमती असेल तर त्याचं नाव, यांशिवाय वारीचं छायाचित्र स्वीकारू नये. नाव विचारायचं तर जवळ जावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात, जमलं तर चार पावलं बरोबर चालावंही लागतं. निम्मी घिसीपिटी छायाचित्रं तेवढ्यानंच बाद होतील.