‘आयरीन’चा कर्ता

लोकगीताला कर्ता नसतो, असे समीक्षक म्हणतात. मग ‘गुडनाइट आयरीन’चे काय? १९३३ साली लुइझियानातील अँगोला तुरुंगात जॉन लोमॅक्स यांनी ते ह्यूडी लेडबेटर ऊर्फ लेडबेली या काळ्या कैद्याकडून ध्वनिमुद्रित केले. चुलत्याकडून ऐकलेले गाणे त्याने स्वतःचे केले होते. डिसेंबर १९४९ मध्ये तो वारला. १९५० साली ‘वीव्हर्स’ या गोऱ्या गायकवृंदाने तेच गायिले आणि अमेरिकेत ते १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मॉर्फिन घेऊन मरू पाहणारे कडवे मात्र गळाले. वेदना गेली, गोडवा उरला. वीव्हर्स डाव्या विचारांचे, लेडबेलीच्या परिचयातले. म्हणून हे अधिक बोचते. आणि स्वामित्वहक्काच्या कागदावर लेडबेलीच्या शेजारी, कर्ता म्हणून, लोमॅक्स यांचेही नाव आहे!