हाताचे वाचिक

मराठी साहित्यव्यवहारात ‘मूक’ हा शब्द प्रतिष्ठित असला, तरी तो बहुधा ऐकू येणाऱ्यांनीच वापरलेला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘मूकनायक’ नाटकाचा नायक मुका नाही, तो मुकेपणाचे सोंग घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 साली सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पत्रात हाच शब्द, सर्वस्वी निराळ्या गांभीर्याने, वाचा नाकारल्या गेलेल्या समाजाचा निदर्शक झाला. दोन्हीकडे मुकेपणा ही वाणी लाभताच संपणारी अवस्था आहे. कर्णबधिरांच्या कलेपाशी आल्यावर हे गृहीतक कोसळते.

घुग्घुसच्या कोळसापट्ट्यापासून फार दूर नसलेल्या, वरोऱ्याजवळील आनंदवनाचे उदाहरण घ्यावे. डॉ. विकास आमटे यांनी 2002 साली उभ्या केलेल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात अंध कलावंत गातात आणि कर्णबधिर कलावंत नृत्य करतात. नावातच ‘स्वर’ आहे. गाणे ऐकू येत नसूनही पावले चुकत नाहीत, याचे प्रेक्षकाला नवल वाटते आणि टाळ्या त्या नवलालाच मिळतात. (त्या टाळ्याही नर्तकांना ऐकू जाणाऱ्या नसतात.) हा उपक्रमाचा दोष नव्हे, दोष असलाच तर पाहणाऱ्याच्या अभिरुचीचा. तरीही ज्या स्वराला हे देह साथ देतात तो त्यांचा नव्हे. त्यांच्या स्वतःच्या भाषेला अशा प्रयोगात कितपत वाव मिळतो, हे समीक्षेने विचारावयास हवे.

तसे ती विचारीत नाही, याचे कारण तिच्या परिभाषेत आहे. भरताने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार मानले. खुणांच्या भाषेला समीक्षक सहजच आंगिकात टाकतो, नृत्यातील हस्तमुद्रांच्या शेजारी. गफलत येथेच होते. विल्यम स्टोको यांनी 1960 साली अमेरिकी खुणांच्या भाषेविषयी दाखवून दिले, की हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल हे घटक बोलभाषेतील वर्णांप्रमाणेच अर्थभेद घडवितात. भारतीय खुणांच्या भाषेतही चेहऱ्याची ठेवण केवळ भाव दाखवीत नाही, ती व्याकरणाचे काम करते. म्हणजे येथे हात हेच वाचिक. आणि चेहरा एकाच वेळी वाक्यरचनाही आहे व भावदर्शनही. या भाषांतील कवितेत एकच हस्ताकार पुनःपुन्हा योजून यमक साधले जाते. असे यमक कागदावर उतरत नाही; चित्रफीत हीच त्या कवितेची संहिता.

झाडीपट्टीची नाटके याच परिसरात रात्रभर रंगतात. त्यांतले संवाद आणि पदे ज्याच्यापर्यंत पोचत नाहीत, तो मंडपातील कर्णबधिर प्रेक्षक नटाचे हात पाहत राहतो. ते हात वाचिकाला जोड देत असतात, आणि ते वाचिक त्याच्या भाषेतले नसते.