छ्यूथान उपनाम आणि नवग्रह पंचांग : एक परीक्षण

गोत्र आणि उपनाम एक नव्हेत, हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगणें नको. तथापि ‘गौतम’ हें नांव चीनांत गेलें आणि तेथें ‘छ्यूथान’ असें दोन अक्षरी उपनाम होऊन बसलें. चिनी ग्रंथ बुद्धासही याच नांवानें ओळखतात. सहाव्या शतकांत वाराणसीहून गेलेला भाषांतरकार गौतम प्रज्ञारुचि तें लावीत असे. पुढें तांग राजवटींत चांगआन राजधानींतील ज्योतिष्यांचें एक घराणें याच उपनामानें गाजलें. मात्र उपनाम एक म्हणून वंशही एक, असें समजूं नये. आमच्याकडील सर्व कुळकर्णी एका कुळाचे कोणी मानीत नाहीं.

या घराण्यांतील गौतम सिद्धानें राजाज्ञेवरून इ. स. ७१८ मध्यें भारतीय ज्योतिर्गणित चिनी भाषेंत उतरविलें. ग्रंथाचें नांव ‘ज्यूझी-ली’, म्हणजे नऊ धरणाऱ्यांचें पंचांग. ‘ग्रह्’ धातूचा अर्थ नेमका जाणणाऱ्याचें हें भाषांतर आहे! त्यांत वर्तुळाचे ३६० अंश, ३४३८ त्रिज्येची ज्यासारणी आणि रिकाम्या स्थानीं बिंदु मांडण्याची रीति आहे. एवढ्यावरून ‘भारतीय पंडितानें चीनला शून्य दिलें’ असें लिहून कित्येक लेखक मोकळे होतात. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

चीननें तें घेतलेंच नाहीं. यी-शिंगाचें दायेन पंचांग ७२९ त प्रचारांत आलें. त्या कामांत आपणांस घेतलें नाहीं म्हणून रुष्ट झालेल्या सिद्धपुत्र छ्यूथान झुआननें ७३३ त तक्रार केली कीं, तें नवग्रह पंचांगावरूनच, आणि तेंही अपुरें, उतरविलें आहे. वेधशाळेच्या नोंदींशीं ताडून पाहतां दायेन दहांत सात-आठ वेळां जुळलें, जुनें लिन्-द पंचांग तीन-चार वेळां, आणि नवग्रह पंचांग एक-दोन वेळां. तक्रार फेटाळली गेली. चिनी गणितांत शून्याचें वर्तुळाकार चिन्ह दिसतें तें चिन ज्यूशाओच्या १२४७ मधील ग्रंथांत.

‘भारतीय पंडित’ हें विशेषणही जपून वापरावें. झुआनचा मृत्युलेख १९७७ त चांगआन परिसरांत सांपडला. त्यांत मूळ मध्य भारतांतील असें सांगून घराणें पिढ्यान्‌पिढ्या राजधानीचेंच म्हटलें आहे. हे लोक पाहुणे नव्हते, चिनी राजसेवक होते.

सिद्धाचें खरें मोठेपण निराळेंच आहे. त्याच्या ‘काइयुआन झानजिंग’ या १२० खंडांच्या संग्रहांत नवग्रह पंचांगास एकच खंड, १०४ वा, मिळाला आहे. शि शेन, गान दे इत्यादि प्राचीन ज्योतिष्यांचीं मूळ पुस्तकें नष्ट झालीं. त्यांतील नक्षत्रस्थानें व वचनें या संग्रहामुळें वांचलीं. आमचे लेखक एका खंडासाठीं उरलेले ११९ विसरतात. स्वतः हा संग्रहही दीर्घकाळ लुप्तप्राय होता. १६१६ त चेंग मिंगशान यास तो एका जुन्या बुद्धमूर्तीच्या पोटांत मिळाला. पोथ्या जमविणारांनीं एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत घ्यावी : सिद्ध नऊ भारतीय अंकांचा उल्लेख करतो, प्रत्येक अंक लेखणी न उचलतां लिहिला जातो असेंही सांगतो, पण आज उपलब्ध असलेल्या प्रतींत त्या आकृति नाहींत.