तिकिटावरची सरहद्द

या शनिवारी-रविवारी कोणता नवा सिनेमा पाहावा? प्रस्थापित समीक्षक याला अभिरुचीचा प्रश्न म्हणतील. चिंचपाड्यासारख्या आदिवासी पट्ट्यातल्या गावातून तो विचारला, की त्याचे रूप बदलते. इथून सुरतेच्या बाजूला गाडीने निघाले की नवापूर लागते. त्या स्टेशनातूनच दोन राज्यांची सरहद्द जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत. मार्च २०२२ मध्ये हीच सरहद्द सिनेमाच्या तिकिटावरूनही गेली.

४ मार्चला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ लागला, ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’. दुसऱ्याला गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा या राज्यांनी करमाफी दिली. मग आमच्या चित्रपटाला ती का नाही, असे ‘झुंड’च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी जाहीरपणे विचारले. शंभराच्या वरच्या तिकिटावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. सुटतो तो राज्याचा निम्मा वाटा. म्हणजे दोनशेमागे अठरा रुपये. रक्कम किरकोळ, पण सरकारने कर सोडला की त्या सिनेमावर ‘हा पाहाच’ असा शिक्का बसतो.

काश्मिरी पंडितांचे परागंदा होणे खरे आहे आणि ते नाकारण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. घर सुटणे म्हणजे काय, हे उकाई धरणात गावे गेलेल्यांना कळते. त्यांच्या दुःखाला मात्र कोणी करमाफी दिली नाही.

शिवाय सिनेमाचे भवितव्य पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरते. ‘झुंड’ लागला तेव्हा होळीला दोन आठवडे अवकाश होता. इथली कितीतरी माणसे त्या दिवसांत दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात असतात. ती होळीला परतेपर्यंत दुसऱ्या सिनेमाचे पडदे भराभर वाढत गेले होते. ज्याच्या हाती ना सुटी ना पैसा, त्याची अभिरुची या गल्ल्यात मोजलीच जात नाही.

आणि हुकला तो कोणता सिनेमा? रिंकू राजगुरूने केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी. खेळायला परदेशी जायचे तर पासपोर्ट हवा, त्यासाठी कागद हवेत. आपण आपणच आहोत याचा पुरावा गोळा करीत ती बापाबरोबर वणवण करते. वनहक्काच्या दाव्यासाठी, जातपडताळणीसाठी ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते सगळ्या सिनेमात खरे बळ इथेच आहे. फुटबॉलच्या सामन्यापेक्षाही इथे.

पण ‘झुंड’ आपला म्हणून त्याची तपासणी टाळायची काय? उत्तरार्ध लांबतो, भाषणाकडे झुकतो. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे, हे मान्य. तरी वस्तीतल्या पोरांना वर काढायला पडद्यावर अमिताभ बच्चनच लागतात. जयंतीच्या प्रसंगात ते बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडतात, तेव्हा आपण कडाडून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या बाबासाहेबांसाठी होत्या की हात जोडणाऱ्यासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.