सूक्ष्मकर्ज आणि बाजारपेठ : ‘बँकर टू द पुअर’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

गरिबास तारणाविना कर्ज मिळाल्यास तो स्वतःच्या बळावर दारिद्र्यातून बाहेर पडू शकतो, हा विचार जगभर पोहोचविणाऱ्या ग्रंथांत मुहम्मद युनूस यांच्या ‘बँकर टू द पुअर’ या आत्मकथनाचे स्थान अग्रभागी आहे. बांगलादेशातील ग्रामीण बँकेला १९८३ साली स्वतंत्र बँकेचा दर्जा मिळाला आणि २००६ सालचे नोबेल शांतता पारितोषिक युनूस व ही बँक यांना विभागून देण्यात आले. त्यामुळे या ग्रंथातील विधानांना जवळजवळ सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली. लघुउद्योजकास कर्जाखेरीज आणखी कशाची गरज असते, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या मध्यवर्ती युक्तिवादाचा विचार केला आहे.

जोब्रा गावाचा दाखला

ग्रंथाचा पाया १९७६ सालच्या एका अनुभवावर उभा आहे. चितगाव विद्यापीठानजीकच्या जोब्रा गावात सुफिया बेगम ही स्त्री बांबूची बैठी आसने विणत असे. बांबूसाठी लागणारे पाच टके व्यापारी तिला उसने देई. अट एवढीच, की तयार माल त्यालाच, त्याने ठरविलेल्या भावाने विकायचा. दिवसभराच्या श्रमानंतर तिच्या हाती पन्नास पैसे उरत. अशा ४२ जणांची एकत्रित गरज अवघी ८५६ टके भरली आणि ती रक्कम युनूस यांनी स्वतः दिली.

हा प्रसंग बारकाईने वाचता असे दिसते, की सुफियाच्या पायात दोन बेड्या होत्या. पहिली भांडवलाची, दुसरी बाजाराची. सावकार आणि ग्राहक एकच असल्यामुळे त्या परस्परांत गुंतल्या होत्या. कर्जाने पहिली तुटते. दुसरी तोडण्यासाठी मात्र विक्रीचा स्वतंत्र मार्ग लागतो, आणि ग्रंथाचा भर त्यावर नाही. गरिबाजवळ जगण्याचे कौशल्य उपजतच असते, म्हणून त्याला प्रशिक्षणाची नव्हे तर पतपुरवठ्याची गरज आहे, असे युनूस आग्रहाने मांडतात. गरिबाला अडाणी समजणाऱ्या विकासयोजनांना हे सडेतोड उत्तर होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि विणण्याचे कौशल्य आणि विकण्याची क्षमता यांत भेद आहे. ग्रामीण समूहानेच पुढे हातमागाच्या कापडाच्या विक्रीसाठी वेगळी संस्था उभारली, यातून ही उणीव कृतीने तरी मान्य झाली असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील अनुभव

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांची अवस्था सुफियाहून फारशी निराळी नव्हती. गिरणी कामगार महिन्याने पैसे देत, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यावे लागे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली व राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज या स्त्रियांपर्यंत पोहोचविले. त्यांच्याजवळ कौशल्य होते, ग्राहकही ठरलेला होता. म्हणून कर्ज फळले. परंतु १९८२ च्या गिरणी संपाने तो ग्राहकच पांगला. तेव्हा नव्या ग्राहकांसाठी अन्नपुरवठ्याची वेगळी व्यवस्था उभी करणे हे एकट्या खानावळवालीच्या आवाक्यातले काम नव्हते. त्यास संघटनेचा आधार लागला.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेनेही पुढे हीच दिशा धरली. बँकेच्या जोडीला प्रतिष्ठानाने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाची शाळा सुरू केली आणि ती बसमधून गावोगावी नेली.

कर्जाची मर्यादा

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधील १०४ वस्त्यांत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ५२ वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी उपलब्ध करण्यात आले होते. तेथे व्यवसायांत काहीशी भर पडली. परंतु कुटुंबाचा एकूण उपभोग वा स्त्रियांचा निर्णयाधिकार यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. नफ्यातील वाढ मुख्यतः आधीच सुस्थितीत असलेल्या व्यवसायांच्या वाट्याला आली. जोब्रातील दाखल्यावरून काढलेला निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

येथेच खर्चाचा प्रश्न उभा राहतो. प्रशिक्षण, हिशेबाचे मार्गदर्शन, बाजाराशी जोडणी यांचा भार व्याजावर टाकल्यास कर्ज महागते. ही कामे वगळल्यास नुसते कर्ज व वसुली उरते. नफ्याच्या ओढीने दुसरा मार्ग धरल्यास काय घडते, हे आंध्र प्रदेशात दिसले. एकाच कुटुंबावर अनेक संस्थांची कर्जे व वसुलीचा जाच यांमुळे तेथील शासनाला ऑक्टोबर २०१० मध्ये वटहुकूम काढावा लागला. सूक्ष्मकर्जाच्या अशा नफेखोरीवर स्वतः युनूस यांनीही जाहीर टीका केली.

समारोप

‘बँकर टू द पुअर’ने गरिबाची पत सिद्ध केली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. मात्र परतफेडीचे प्रमाण हे कर्जदाराच्या सचोटीचे माप आहे, तिच्या उद्योगाच्या वाढीचे नव्हे. आपला माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा हे तिला ठरविता येते काय, ही खरी कसोटी होय. त्या कसोटीस उतरायचे तर कर्ज देणाऱ्या हाताजवळ ना-नफा तत्त्वावर चालणारा आधाराचा दुसरा हात असावा लागतो, आणि त्याचा खर्च कर्जदाराच्या माथी न मारता समाजाने व शासनाने उचलावा लागतो.