'लेफ्ट-पॅड' प्रकरण : वितरण आणि उत्तरदायित्व

मुक्तस्रोत लायब्ररीचे वितरण म्हणजे केवळ आज्ञावली खुली करणे नव्हे. नाव व आवृत्ती-क्रमांकासह दिलेले ते अभिवचन असते. मार्च २०१६ मध्ये 'एनपीएम' या जावास्क्रिप्ट भांडारातून 'लेफ्ट-पॅड' हे मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे ११ ओळींचे पॅकेज कर्त्याने मागे घेतले. निमित्त होते त्याच्याच दुसऱ्या पॅकेजच्या नावाचा वाद. परिणामी असंख्य प्रकल्पांची बिल्ड-प्रक्रिया खंडित झाली.

अनेक टीकाकारांनी पॅकेजच्या लघुत्वास दोष दिला. प्रस्तुत लेखकास हे निदान अपुरे वाटते. तीच आज्ञावली दुसऱ्याने १.०.० या क्रमांकाने प्रसिद्ध केली, तरी ०.०.३ मागणारे प्रकल्प अडलेलेच राहिले. भांडाराने मूळ आवृत्ती पुनःस्थापित केल्यावरच मार्ग मोकळा झाला. म्हणून माघारीवरील नंतरचे निर्बंध समर्थनीय ठरतात. मात्र विनावेतन कर्त्याप्रती वापरकर्त्यांचे उत्तरदायित्व त्यांत कोठेच दिसत नाही.